गणित विद्यार्थ्याच्या हाती द्या : सुरतेतील गणितशिक्षकांस अनावृत पत्र

सुरत शहरातील मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांतून गणित शिकविणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांस,



आपणांपैकी कित्येकांशी माझा प्रत्यक्ष परिचय आहे, काहींच्या शेजारी बसून मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि निवृत्तीनंतरही लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील मुले वह्या घेऊन माझ्याकडे येत असल्यामुळे आपल्या वर्गांत गणिताचा तास कसा चालतो याची हकीकत मला बसल्या जागी कळत असते. ती ऐकून मनात जे साठत गेले ते एकेकाला गाठून खाजगीत सांगता आले असते. परंतु माझी तक्रार कोणा एका व्यक्तीविषयी नसून आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेल्या एका शिरस्त्याविषयी आहे, आणि शिरस्ता जाहीर बोलल्याशिवाय हालत नाही, सबब हे अनावृत पत्र लिहीत आहे. आपले श्रम मी जाणतो. साठ-साठ मुलांचे वर्ग, निवडणुकीची व जनगणनेची अंगावर येणारी कामे, निकालाच्या टक्केवारीबद्दल वरून होणारी विचारणा, हे सारे सोसून आपण शिकविता; त्यामुळे पुढील मजकुरात कोठे शब्द कठोर वाटला तर तो विषयाच्या कळकळीने आला आहे असे समजावे.

माझी मुख्य तक्रार अशी की, आपल्या वर्गात विद्यार्थ्याला उदाहरणाआधी रीत मिळते, आणि त्यामुळे विचाराचे जे काम त्याने करावयाचे ते आपणच उरकून टाकतो. नवे प्रकरण सुरू झाले की फळ्यावर प्रथम सूत्र येते, सूत्राखाली दोन सोडविलेली उदाहरणे येतात, आणि मग त्याच साच्यातली आठ-दहा उदाहरणे मुलांना घालून दिली जातात, ज्यांत आकडे तेवढे बदललेले असतात. असे स्वाध्याय वर्षभर केलेल्या मुलापुढे एखादे उदाहरण, ते कोणत्या प्रकरणातले हे न सांगता ठेवून पाहावे, ते पुरते वाचून होण्यापूर्वीच तो विचारतो, “सर, यात कोणतं सूत्र लावायचं?” हा प्रश्न आळसातून आलेला नाही. गणितात आधी सूत्र ओळखायचे, मग त्यात आकडे भरायचे आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या, एवढेच त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. उदाहरणाकडे नुसते पाहत बसणे, आकृती काढून पाहणे, लहान आकडे घेऊन चाचपणे, चुकून मागे फिरणे, हीही गणिताचीच कामे आहेत असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ज्याची रीत सोडविणाऱ्याला आगाऊ ठाऊक नाही तेच त्याच्यापुरते खरे गणित. रीत ठाऊक झाल्यावर जे केले जाते तो सराव. सरावाची मला किंमत आहे, पाढे पाठ नसलेल्या मुलाचे हाल मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि सराव सोडून द्या असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु सरावालाच गणित मानण्याचा प्रघात पडला आहे, तो मोडला पाहिजे. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली गणिते सोडविण्याच्या कलेवर जो ग्रंथ लिहिला त्यात सोडविणाऱ्याच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणे, बेत ठरविणे, बेत पार पाडणे, आणि उत्तर आल्यानंतर मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांत यांतली तिसरी अवस्था तेवढी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. पहिली व दुसरी आपण त्याच्या वतीने पार पाडतो, आणि चौथीसाठी कोणालाच वेळ नसतो. शिक्षकाने साहाय्य करावे, पण विद्यार्थ्यासाठी कामाचा योग्य हिस्सा शिल्लक राहील एवढ्याच बेताने करावे, असे पोल्याचे सांगणे आहे. आणि शिक्षकाचे सारे कौशल्य या बेतात आहे असे मला अनुभवाने पटलेले आहे.

हे अमूर्त बोलणे झाले. प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात नववीची काही मुले माझ्या ओसरीवर जमली असताना मी त्यांना एवढेच सांगितले की, तिन्ही सारखे नसलेले तीन अंक घ्या, त्यांपासून होणारी मोठ्यांत मोठी संख्या लिहा, तिच्यातून लहानांत लहान वजा करा, आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच करा आणि काय होते ते पाहत राहा. कोणी ९५१ मधून १५९ वजा केले, कोणी ७२० मधून ०२७. थोड्याच वेळात एकाने मान वर करून सांगितले की त्याचे गणित अडकले आहे, कारण पुन्हा पुन्हा ४९५ येते आहे. शेजारच्याचेही ४९५ आले, मागच्या मुलीचेही आले, आणि मग प्रत्येकाने दुसऱ्याची वही ओढून पाहिली. मी काही बोललो नाही. ही निःशब्दता शिक्षकाला फार जड जाते, जीभ आवरत नाही, तरीही ती पाळावी लागते. पुष्कळ वेळाने एक मुलगी म्हणाली, “सर, मधला आकडा नेहमी ९ च येतोय.” ती नेहमी वर्गात मागे बसणारी, बीजगणिताला घाबरणारी मुलगी. का येतो, असे विचारल्यावर तिने मोठ्या संख्येचे अंक अ, ब, क असे धरले, वजाबाकी मांडली, आणि ब दोन्हीकडून नाहीसा होऊन ९९ गुणिले अ वजा क एवढेच उरते हे तिच्या ध्यानात आले. मग दुसऱ्या एका मुलाला सुचले की अ आणि क यांतील फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरे नऊच संभवतात: ९९, १९८, २९७ येथपासून ८९१ पर्यंत. नऊ मुलांनी नऊ संख्या वाटून घेतल्या. ९९ हे ०९९ असे लिहिले की ९९० वजा ०९९ म्हणजे ८९१, त्यापासून ७९२, मग ६९३, मग ५९४, आणि अखेर ४९५. बाकीच्याही याच साखळीत कोठे ना कोठे येऊन मिळाल्या. कोणतीही संख्या सुटलेली नाही अशी सर्वांची खात्री झाली, आणि त्या मुलांनी आयुष्यातली पहिली सिद्धता स्वतः रचली. पुस्तकातील प्रमेयांच्या सिद्धता त्यांना पाठ होत्या. सिद्धता कशासाठी हवी असते हे त्यांना त्या संध्याकाळी समजले.

हा खेळ ज्यांच्यापासून आला ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्यासारखेच शाळामास्तर होते. १९०५ साली डहाणूला जन्मलेला हा गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवीत होता. चार अंकी संख्यांवर हीच क्रिया केली असता ६१७४ येथे येऊन थांबावे लागते हे त्यांनी १९४९ साली जाहीर केले. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. विद्वानांनी त्यांची पुष्कळ काळ उपेक्षा केली, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. नाशिकजवळच्या एका शाळेतील शिक्षकाची ही कामगिरी आपल्या किती विद्यार्थ्यांनी ऐकली आहे? ऐकलीच असेल तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत. वजाबाकी करून पाहण्याची संधी त्यांना कोणी दिलेली नसते.

दुसरी तक्रार एकाच रीतीच्या आग्रहाची आहे, आणि ती लिहिताना माझ्या मनाला क्लेश होतात. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, असा त्यात दाखला आहे. तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरतेला आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या वाडवडिलांचा मुलूख तो हाच. ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी बत्तीस हात उंचीच्या वेळूचे गणित घातले आहे: वाऱ्याने वेळू मोडला, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले, तर तो जमिनीपासून किती उंचीवर मोडला? एका शाळेतील नववीच्या मुलीने हे गणित असे सोडविले की, तीन-चार-पाच या बाजूंचा काटकोन त्रिकोण असतो, त्याला चाराने गुणले की बारा-सोळा-वीस होतात, बारा आणि वीस मिळून बत्तीस, म्हणून वेळू बारा हातांवर मोडला. ती वही मी पाहिली आहे. तिच्यावर तांबड्या शाईने फुली होती आणि बाजूला लिहिले होते: रीत नाही. ज्या मुलीने अंदाज बांधला, त्रिकोण ओळखला आणि ताळाही पाहिला, तिला शून्य गुण. आणि शेजारच्या मुलाने क्ष मानून फळ्यावरचे समीकरण बिनचूक उतरविले, त्याला पैकीच्या पैकी. भास्कराचार्यांची स्वतःची रीत या दोहोंहून निराळी आहे. सोळाच्या वर्गाला बत्तिसांनी भागले की आठ मिळतात, तो कर्ण आणि उभी बाजू यांतील फरक. बेरीज बत्तीस आणि फरक आठ, म्हणून वीस आणि बारा. तिन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून, यांत नाते काय, प्रत्येकीचा उपयोग कोठे आणि मर्यादा कोणती, असे वर्गाला विचारले असते तर दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र मुलांना पुन्हा कधी पाठ करावे लागले नसते. त्या मुलीने मात्र आता अंदाज बांधणे सोडून दिले आहे.

येथे कोणी म्हणेल की भास्कराचार्यांनीही सूत्र आधी आणि उदाहरण नंतर असाच क्रम ठेवला आहे, मग आमचे काय चुकले? आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळीत नाही. तो ग्रंथ मुखोद्गत करावयाचा होता, आणि सूत्राचा अर्थ उलगडणारा गुरू शिष्याच्या समोर बसलेला असे. शिवाय उदाहरणे अशी आहेत की डोळ्यांपुढे चित्र उभे केल्यावाचून सूत्राचा काही उपयोगच होऊ नये. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला आहे, आणि मोर सापाएवढ्याच वेगाने झेप घेतो. तर दोघांची गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात. पण तेथे पोहोचण्यासाठी दोघे सारखेच अंतर कापतात ही गोष्ट विद्यार्थ्याला स्वतः हेरावी लागते, ती सूत्रात लिहिलेली नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मी फार शब्द खर्चीत नाही, कारण ती आपणांसही मान्य असेल. परीक्षेपूर्वी महिनाभर शाळेत आणि क्लासात आयएमपीच्या याद्या फिरतात, गाईडातील उत्तरे आकृतीच्या अक्षरांसकट पाठ करविली जातात, आणि प्रश्नात अबक त्रिकोणाऐवजी पफब त्रिकोण आला की मुलाचा हात थांबतो. त्यातून जे गुण मिळतात ते पुढच्या इयत्तेत उपयोगी पडत नाहीत. दहावीच्या गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन भाग झाल्यापासून एक नवी भीती निर्माण झाली आहे: शाळेचा निकाल सांभाळण्यासाठी सरसकट सर्वांना सोप्या बाजूला लोटल्याच्या गोष्टी कानांवर येतात. हा निर्णय मुलाचा आणि त्याच्या पालकांचा आहे. त्यापूर्वी वर्षभर त्याला खरी गणिते देऊन पाहिलेली असावीत, आणि मगच त्याच्या कुवतीविषयी मत द्यावे.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या शहरापुरती विशेष महत्त्वाची आहे. सुरतेच्या महापालिकेने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा भाषांतून शाळा चालविल्या, ही या शहराची मोठी पुण्याई. परंतु आपला विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, गल्लीत गुजराती आणि हिंदी बोलतो, आणि शाळेत त्याच्यापुढे येते ते पुस्तकी मराठी. शाब्दिक उदाहरणाची चार वाक्ये वाचताना त्याची दमछाक होते, आणि आपण समजतो की त्याचे गणित कच्चे आहे. माझी विनंती अशी की, उदाहरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटवावे, आणि काय दिले आहे, काय विचारले आहे, हे मुलाने आपल्या शब्दांत, अहिराणीत सुचले तर अहिराणीत, शेजाऱ्याला सांगावे. त्यानंतर आकृती, आणि मगच लेखणी. आपल्या मुलांपैकी अनेकांना अकरावीनंतर माध्यम बदलावे लागते. मराठीत पाठ केलेली उत्तरे त्या वेळी सारी निकामी होतात, स्वतः शोधलेली रीत मात्र कोणत्याही भाषेत बरोबर जाते.

आता सांगतो ते मला सर्वांत अधिक खटकते. ज्या शहरात पावलोपावली गणित विखुरलेले आहे तेथे आपण मुलांना पाण्याच्या टाकीला लावलेल्या दोन नळांची आणि मनोऱ्यावरून दिसणाऱ्या नौकेची उदाहरणे घालीत बसतो. नळ आणि मनोरे असू द्यावेत, पण ज्या मुलाचा बाप यंत्रमागावर काम करतो त्याला असे विचारावे: माग मिनिटाला १६० पिक, म्हणजे आडवे धागे, घालतो, कापडात इंचाला ६० पिक आहेत, तर तासाला किती कापड उतरेल? सामान्य विद्यार्थी १६० ला ६० नी भागून २.६६ इंच काढील आणि त्याला पुन्हा ६० नी गुणील. चौकस विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल की तासाची साठ मिनिटे आणि इंचाचे साठ पिक परस्परांना छेदून जातात, म्हणून उत्तर १६० इंचच. मग पुढचे विचारावे की शंभर मीटरच्या ताक्याला किती तास लागतील, आणि सूत तुटून माग अधूनमधून बंद पडतो हे धरले तर किती. पहिल्याचे उत्तर साडेचोवीस तासांहून थोडे अधिक येते. दुसऱ्याचे एकच उत्तर नाही, कारण माग किती वेळ बंद असतो ते घरी बापाला विचारून आणावे लागते. असे उदाहरण वर्गात आले की त्या दिवशी तो मुलगा वर्गातला जाणकार ठरतो, आणि आपल्या घरातील श्रमात गणित आहे हे त्याला प्रथमच दिसते. ही मुले गणितात दुबळी आहेत असे जे सर्रास म्हटले जाते त्याचा मला अत्यंत राग येतो. ताक्यावर मिळणाऱ्या मजुरीचा, उचललेल्या पैशांचा आणि खाड्यांचा तोंडी हिशेब जी मुले आईच्या शेजारी बसून करतात, त्यांची बुद्धी दुबळी कशी म्हणावी?

आणि हिरे. जगातील बहुतेक हिऱ्यांना ज्या गावात पैलू पडतात त्या गावची दहावीची मुले त्रिकोणमिती शिकतात, आणि या दोन गोष्टींची गाठ कोणी घालून देत नाही. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला सत्तावन पैलू असतात: कारागीर ज्याला मथाळा म्हणतात त्या वरच्या भागावर टेबल धरून ३३, आणि तळिया म्हणतात त्या खालच्या भागावर २४. सत्तावनच का, साठ का नाहीत, असे विचारून पाहावे. टेबलाचा एक पैलू बाजूला काढला की ५६ उरतात आणि ५६ ला आठाने निःशेष भाग जातो. टेबल अष्टकोनी आहे, आणि बाकीचे पैलू त्याच्याभोवती आठ-आठ, सोळा-सोळा असे बसविलेले आहेत. साठांतून एक वजा केल्यावर येणाऱ्या ५९ ला आठाने भाग जात नाही, म्हणून या घाटात साठ पैलू बसत नाहीत. मग अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातील कोन १३५ अंशांचा का, हा प्रश्न आपोआपच निघतो.

पुढे जावयाचे असेल तर टोलकोव्स्कीचे गणित आहे. हिऱ्यांच्या व्यवसायातील घराण्यात वाढलेल्या मार्सेल टोलकोव्स्की या अभियंत्याने १९१९ साली हिऱ्याच्या घाटावर ग्रंथ लिहिला, आणि आत शिरलेला प्रकाश तळातून निसटून न जाता परतून वर यावा यासाठी तळियाचा कोन ४०.७५ अंश आणि मथाळ्याचा ३४.५ अंश असावा असे गणिताने दाखविले. कंदोऱ्याचा, म्हणजे हिऱ्याच्या कमरेचा, व्यास १०० धरला तर तळियाची खोली किती? निम्मा व्यास ५०, कोन ४०.७५, म्हणून ५० गुणिले त्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर, म्हणजे सुमारे ४३. टेबलाची रुंदी ५३ धरली तर उरलेल्या ४७ च्या निम्म्यावरून मथाळ्याची उंची सुमारे १६ निघते. आपल्या पाठ्यपुस्तकात ३०, ४५ आणि ६० अंशांचीच गुणोत्तरे असतात असे आपण म्हणाल, तर मुलांना मोठ्या कागदावर कोनमापकाने आकृती काढून पट्टीने मोजू द्यावे. मोजून आलेले उत्तर आणि हिशेबाने आलेले उत्तर यांची तुलना करण्यासारखा दुसरा धडा नाही. आपल्या वर्गातील एखाद्याचा भाऊ किंवा चुलता हिऱ्याच्या कारखान्यात असतोच. त्याला हे कोन हाताने ठाऊक असतात आणि मुलाला वहीत. त्यांची घरी बोलणी झाली तर शाळेचा त्यात फायदाच आहे.

गुजरातमध्ये या कामासाठी आपणांस दूर पाहावयाला नको. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे थोर गणितज्ञ १९४२ साली बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे संशोधनासाठी गेले, आणि तेथे त्यांनी सापेक्षतावादातील समीकरणांची जी उकल काढली ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एवढा मोठा पल्ला गाठलेल्या या माणसाने गुजरात गणित मंडळ उभे केले, ‘सुगणितम्’ हे नियतकालिक चालविले आणि शाळेतील मुलांना व शिक्षकांना गणिताची गोडी लावण्यात आयुष्य वेचले. मराठी गुरू आणि गुजराती शिष्य यांचा हा वारसा आपल्याच वर्गखोल्यांत पुढे चालावयास हवा. गुजरातीत निघालेली चांगली गणिते आपण मराठीत उतरवून घ्यावीत; आपल्यापैकी प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात, आणि हे काम मुंबई-पुण्याच्या शिक्षकांना करता येणारे नाही.

वेळ कोठून आणायचा, अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या मागण्या मी माफक ठेवतो. आठवड्यातून एक तास आपण एकाच गणिताला द्यावा, आणि त्या तासात निम्मा वेळ तरी रीत सांगू नये. विद्यार्थी अडला तर त्याला उत्तराच्या दिशेने ढकलण्याऐवजी, याहून सोपे असेच एखादे गणित तुला आठवते का, एवढेच विचारावे. निराळ्या रीतीने आलेले बरोबर उत्तर पुऱ्या गुणांचे मानावे, आणि चुकलेल्या उत्तरात विचार असेल तर त्याची वर्गात जाहीर दखल घ्यावी. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या अखत्यारीत आहेत; त्यांतील काही गुण, विद्यार्थ्याने स्वतः रचलेल्या आणि शेजाऱ्याने सोडविलेल्या गणितासाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी. शाळांचे मुख्याध्यापक आणि संचालक हे पत्र वाचतील तर त्यांनाही माझी विनंती आहे की, गणितशिक्षकाला या एका तासाचा जाब विचारू नये. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी गणिताच्या अध्यापनावर जो निबंध तयार झाला त्यातही भीती आणि अपयशाची भावना, तसेच यांत्रिक आकडेमोडीला उत्तेजन देणाऱ्या परीक्षा, ही गणितशिक्षणाच्या मुख्य दुखण्यांपैकी म्हणून नोंदलेली आहेत. म्हणजे मी मागतो त्याला सरकारी दप्तरातही आधार आहे.

पहिल्या तासाला कोणते गणित द्यावे अशी अडचण पडली तर या पत्रातील कोणतेही घ्यावे. तीन अंकांचे झाल्यावर चार अंकांचे घ्या, आणि सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ का येतेच, हे मुलांना शोधू द्या. त्याला एक तास पुरणार नाही आणि पुरू नये. या पत्राचे उत्तर मला धाडण्याची तसदी आपण घेऊ नये. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने आपल्या डोक्याने काढलेली, पुस्तकात नसलेली रीत मात्र त्याच्या हस्ताक्षरात मला अवश्य पाठवावी. अशा रीती जमल्या की मी त्यांची वही करून आपल्या सर्व शाळांकडे फिरती ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
गणिताचा एक निवृत्त शिक्षक
उधना, सुरत